ते आर्सेनिक गेले कुठे?

आर्सेनिक ‘खाणारा’ जिवाणू सापडल्याची बातमी अधूनमधून येते. गंगेच्या खोऱ्यातील एखादे गाव, प्रयोगशाळेतील काचेची बशी आणि वर ‘विषभक्षक’ असा मथळा. हा मथळा वाचणाऱ्याने एकच प्रश्न विचारावा : मग ते आर्सेनिक गेले कुठे? कीटकनाशकाचा रेणू तोडता येतो. मूलद्रव्याचा अणू मोडण्याचे सामर्थ्य कोणत्याही जिवाणूत नाही. तो त्याचे रूप बदलतो किंवा जागा बदलतो, इतकेच.

आवर्तसारणीत आर्सेनिक फॉस्फरसच्या थेट खाली बसते. बाह्य कवचात दोघांचेही पाच इलेक्ट्रॉन. त्यामुळे आर्सेनेट आणि फॉस्फेट यांत जुळ्या भावंडांइतके साम्य आहे. पेशीला डीएनए बांधण्यासाठी, ऊर्जा हाताळण्यासाठी फॉस्फेट हवे असते; त्याच्यासाठी उघडलेल्या दारातून आर्सेनेटही आत शिरते. मात्र त्याने जोडलेले बंध पाण्यात टिकत नाहीत. कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरातला एक जिवाणू आर्सेनिकचा डीएनए घडवतो, असा दावा २०१० मध्ये गाजला. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तो खोडून काढला. त्याच वर्षी समोर आलेली गोष्ट खरे तर दाव्याहून देखणी होती. त्या जिवाणूचे फॉस्फेट टिपणारे प्रथिन आर्सेनेटपेक्षा फॉस्फेटला हजारो पटींनी अधिक पसंती देते, आणि हा निवाडा होतो तो एका हायड्रोजन बंधाच्या कोनावर!

तरीही थोडे आर्सेनेट आत येतेच. तेव्हा एक विकर त्याचे आर्सेनाइट करते आणि पेशीपटलातील पंप ते बाहेर फेकतो. आर्सेनाइट तर अधिक विषारी. मग हा उलटा व्यवहार कशासाठी? आर्सेनेट बाहेर टाकू पाहणारा पंप फॉस्फेटही उधळून बसण्याचा धोका असतो. आर्सेनाइट घातक खरे, पण ते फॉस्फेटसारखे दिसत नाही. ही यंत्रणा सदासर्वदा चालूही नसते. एरवी एक प्रथिन डीएनएला चिकटून या जनुकांना गप्प ठेवते; आर्सेनाइट त्याला बिलगले की ते गळून पडते आणि पंप तयार होऊ लागतात. ही जनुके अनेकदा प्लास्मिडवर असतात, म्हणजे शेजाऱ्याला देताही येतात. विष कंठात धरून ठेवणारा नीलकंठ हा नव्हे; याचे धोरण विष अंगणाबाहेर लोटण्याचे आहे.

त्या अंगणाबाहेर माणसे राहतात. १९८३ मध्ये कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या त्वचेवरील डाग आणि तळव्यांवरील गाठी यांचा संबंध कूपनलिकांच्या पाण्याशी जोडला. तळ्याच्या पाण्यातून होणाऱ्या पटकी-हगवणीपासून सुटका व्हावी म्हणून याच कूपनलिकांचा पुरस्कार झाला होता. तेथील गाळात लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेले असते. प्राणवायू नसलेल्या थरांत काही जिवाणू जणू लोहाचाच श्वास घेतात; लोह विरघळते, आर्सेनिक मोकळे होते. या प्रक्रियेतील जिवाणूंचा वाटा पश्चिम बंगालच्याच गाळावरील प्रयोगांतून २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवला गेला. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा आहे लिटरमागे अवघे १० मायक्रोग्रॅम.

उपयोगी जिवाणूही आहेत. काही जाती आर्सेनाइटचे पुन्हा आर्सेनेट करतात. ते लोहाच्या कणांना घट्ट धरते, आणि गाळण संचात नेमके हेच हवे असते. पाणी स्वच्छ येते, उद्‌घाटनाची छायाचित्रे निघतात. संचात साचलेला आर्सेनिकयुक्त गाळ कुठे टाकला, हे मात्र बातमीत क्वचितच असते. तो संचामागच्या खड्ड्यात गेला, पावसाळ्यात खड्डा भरला आणि तळाशी प्राणवायू संपला, की लोहाचा श्वास घेणारे जिवाणू तिथेही कामाला लागतात.