परसातले घर आणि कागदावरचे गावकूस

कोणत्याही नव्या गावी गेलो, की आपली माणसे आधी एकच गोष्ट विचारतात : आपली वस्ती कुठे आहे? बाजारपेठ, बागा, पाहण्याची ठिकाणे मागाहून. कोण कुठे राहतो हे कळले, की गावाचा स्वभाव कळतो. अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिएटल शहरात आम्ही उभयता तीन आठवडे राहून आलो. ते शहरही आम्ही याच सवयीने पाहिले.

मुक्काम भाचीकडे होता. विमानतळावरून शहराकडे 'लिंक' नावाची रेल्वे जाते. रेनियर व्हॅली भागात ती चक्क रस्त्याच्या मधोमध धावते, आणि त्या रस्त्याला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आहे. दोन्ही अंगांना व्हिएतनामी खाणावळी, सोमाली आणि इथिओपियन लोकांची दुकाने. कष्टकऱ्यांची वस्ती ओळखायला पाटी वाचावी लागत नाही.

भाचीचे घर रस्त्यावरून दिसत नाही. पुढे घरमालकाचे जुने लाकडी घर, त्याच्या कडेने पायवाट, आणि मागच्या परसात हे दुसरे छोटे घर. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर निजायची खोली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कपाटावर बुद्धमूर्ती, खिडकीबाहेर रिमझिम पाऊस. मुंबईच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत दोन-दोन पिढ्यांचे संसार ज्यांनी पाहिले, त्यांना हे घर ऐसपैसच वाटणार. आम्ही तसे म्हटल्यावर भाची हसली. म्हणाली, "मामा, हे घर बांधायला नुसते पैसे पुरले नसते. त्याआधी कायदा बदलावा लागला."

आम्हाला याचे नवल वाटले. आपल्याकडे मुलाचे लग्न ठरले, की मागच्या पडवीला भिंत घालून एक खोली काढतात. म्हातारे आईबाप तिकडे, नाही तर नवे जोडपे तिकडे. अमेरिकेसारख्या देशात, स्वतःच्या मालकीच्या पाच हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर माणसाला मागे दुसरे घर बांधता येत नव्हते, हे कसे?

एका प्लॉटवर एकच कुटुंब

याचे उत्तर 'झोनिंग' या शब्दात आहे. कोणत्या जमिनीवर काय बांधायचे, किती उंच, शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती अंतरावर, हे महापालिका ठरवते. सिएटलचा असा पहिला कायदा 1923 सालचा. पुढे शहरातील निवासी जमिनीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जमीन 'सिंगल फॅमिली' म्हणून राखली गेली. म्हणजे एका प्लॉटवर एकच घर. चाळ नको, इमारत नको, परसात दुसरी चूल नको.

वाचायला हा नियम निरुपद्रवी दिसतो. त्यात कोणाची जात नाही, वंश नाही, धर्म नाही. आहेत ती फक्त फुटांची मापे. पण ज्याच्याजवळ अख्खा प्लॉट आणि अख्खे घर विकत घेण्याएवढा पैसा आहे, त्यालाच त्या गल्लीत प्रवेश. शिपाई, बसड्रायव्हर, इस्पितळातली आया यांनी उरलेल्या चतुर्थांशात दाटीवाटीने राहावे.

आणि या मापांच्या जोडीला दुसरा कागद होता. तो मात्र स्पष्ट बोलत होता.

खरेदीखतातली अस्पृश्यता

1917 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराचा एक कायदा रद्द केला. गोऱ्यांची संख्या जास्त असलेल्या गल्लीत काळ्या माणसाने राहायला जाऊ नये, असा तो कायदा होता. तेच 1917 साल आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत आहे. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले बाबासाहेब त्या वर्षी बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि त्यांना गावात राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी सार्वजनिक बागेत वेळ काढला. एवढ्या मोठ्या विद्वानाची परीक्षा शेवटी घरमालकाच्या उंबरठ्यावर झाली.

अमेरिकेत कोणी कुठे राहावे हे वंशाचे नाव घेऊन सरकारी कायद्याने ठरवणे त्या निकालाने बेकायदा ठरले, पण खासगी करारात ते चालत राहिले. सिएटलमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजारो घरांच्या कागदपत्रांत अट घातली गेली, की ही मालमत्ता काळ्या किंवा आशियाई माणसाला विकू नये, भाड्याने देऊ नये, त्याला इथे राहू देऊ नये. काही ठिकाणी ज्यूंनाही मज्जाव होता. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी हे कागद शोधून त्यांचे नकाशे सर्वांसाठी खुले केले आहेत. क्वीन ॲन, बलार्ड, ब्रॉडमूर अशा नावाजलेल्या भागांत हे करार होते.

त्या करारांत वारंवार एक अपवाद आढळतो. तो वाचून आम्ही थबकलो. घरमालकाच्या नोकरीत असलेला घरगडी तेवढा राहिला तर चालेल! म्हणजे काळी बाई मागच्या खोलीत निजून मालकाची मुले सांभाळू शकत होती. मात्र त्याच गल्लीत स्वतःच्या मुलांना घेऊन, स्वतःच्या नावाने ती राहू शकत नव्हती. गावकुसाबाहेरच्या माणसांना हे समजावून सांगायला नको. गावाला आपले कष्ट चालत होते, शेजार चालत नव्हता.

1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत. पण सवय सुटली नाही. 1964 साली सिएटलच्या मतदारांपुढे घरांच्या बाबतीत भेदभावाला बंदी घालण्याचा प्रस्ताव आला, आणि साधारण दोनास एक अशा मतांनी तो पाडला गेला. अखेर एप्रिल 1968 मध्ये, डॉ. किंग यांच्या हत्येनंतर काही दिवसांतच, देशाचा आणि शहराचा असे दोन्ही कायदे झाले. सिएटलचा ठराव पुढे नेणारे सॅम स्मिथ हे तिथल्या नगरपरिषदेतील पहिले काळे सदस्य होते.

खरेदीखतातली अट गेली. मापांचा नियम मात्र तसाच राहिला.

फुटपट्टी बदलण्याची लढाई

परसातल्या घराला सरकारी भाषेत 'ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट', म्हणजे मुख्य घराचे पूरक घर म्हणतात. 1994 साली सिएटलने मुख्य घराच्या आत किंवा त्याला जोडून असे घर करायला मुभा दिली. परसात स्वतंत्र घर बांधायची परवानगी 2006 मध्ये आधी फक्त आग्नेय भागात, प्रयोग म्हणून मिळाली. 2010 पासून ती शहरभर लागू झाली.

परवानगी होती, पण अटींनी तिचे हातपाय बांधले होते. एका प्लॉटवर एकच पूरक घर. मालकाने वर्षातले सहा महिने तरी तिथेच राहायचे. मोटार उभी करायला प्लॉटमध्येच जादा जागा द्यायची. परसातल्या घराचा आकार 800 चौरस फुटांपर्यंतच. प्लॉट 4,000 चौरस फुटांचा हवा. एकेक अट साधी, पण सगळ्या मिळून दार बंद. कायदा हक्क देतो आणि पोटनियम तो काढून घेतो, याचा अनुभव आपल्यालाही आहे.

2016 मध्ये या अटी सैल करण्याचे ठरले, तेव्हा क्वीन ॲन भागातील रहिवासी मंडळाने हरकत घेतली. पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा सविस्तर अहवाल आधी करावा, असा निकाल आला. तो अहवाल 2018 मध्ये पुरा झाला. त्यावरही हरकत घेतली गेली, आणि ती 2019 मध्ये फेटाळली गेली. झाडे, पार्किंग, गर्दी असे मुद्दे पुढे येत होते. यातले काही खरेही असतील. शेजार बदलण्याची भीती प्रत्येक मनात वंशद्वेषातूनच येते, असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याला घर नाही, त्याला या सुनावणीची तारीखही कळत नाही. ज्याचे घर आहे, त्याच्याकडे वेळ आणि वकील दोन्ही असतात. आम्हाला खरी विषमता इथे दिसली.

जुलै 2019 मध्ये नगरपरिषदेने नवे नियम मंजूर केले. एका प्लॉटवर दोन पूरक घरे, आकार 1,000 चौरस फुटांपर्यंत, 3,200 चौरस फुटांचा प्लॉट पुरेसा, पार्किंगची आणि मालकाने तिथेच राहण्याची सक्ती नाही. पुढच्या वर्षी महापालिकेने काही नकाशे आधीच तपासून ठेवले, म्हणजे सामान्य माणसाचा परवानगीचा वेळ आणि खर्च वाचावा. 2021 मध्ये 'सिंगल फॅमिली' हे नावही बदलले. 2023 मध्ये वॉशिंग्टन राज्यानेच शहरांना प्लॉटमागे दोन पूरक घरांना वाव देणे बंधनकारक केले. दुसऱ्या कायद्याने मोठ्या शहरांत एका प्लॉटवर चार घरांचीही वाट मोकळी केली.

दार उघडले, पण पायरी उंच

एके सकाळी आम्ही सेंट्रल डिस्ट्रिक्ट भागात फिरलो. इतर ठिकाणी मज्जाव असल्यामुळे सिएटलचा काळा समाज याच भागात एकवटला होता. 1970 च्या सुमारास इथे चारांत तीन रहिवासी काळे होते. आज पाचांत एकही भरत नाही. ज्या भागात त्यांना कोंडले, तोच भाग पुढे महाग झाला आणि त्यांना तिथूनही निघावे लागले. चर्च जुनी, पाट्या जुन्या, शेजारी नव्या घरांचे चकचकीत दरवाजे. आम्ही बराच वेळ गप्प होतो.

म्हणून परसातल्या घराची आरती ओवाळायची नाही. ते बांधायला तिथे काही लाख डॉलर लागतात. ज्याची जमीन आहे, त्याचाच फायदा आधी होतो. तरीही भाचीच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ मागच्या घरात राहायला गेले आणि पुढचे घर त्यांनी मुलीच्या कुटुंबाला दिले. घर विकून लांब जाण्याची वेळ टळली. नातवंडे अंगणात, आजोबा दाराशी. कायद्यातली एक ओळ बदलली की एक कुटुंब एकत्र राहते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

जुन्या अन्यायाची भरपाई करण्याचाही एक प्रयत्न सुरू झाला आहे. 2023 च्या राज्य कायद्याने मालमत्तेच्या दस्तनोंदणीवर 100 डॉलर आकार बसवला. त्या निधीतून, वंशभेदी करारांनी ज्या समाजांना घरापासून दूर ठेवले, त्यांच्या पात्र कुटुंबांना पहिले घर घ्यायला 2024 पासून मदत मिळते. एप्रिल 1968 पूर्वी स्वतः किंवा आपले पूर्वज या राज्यात राहत होते, हे दाखवावे लागते. पात्र समाजांत भारतीय वंशाचे लोकही आहेत.

याच शहराने 21 फेब्रुवारी 2023 रोजी जातिभेदावर कायदेशीर बंदी घातली. असे करणारे अमेरिकेतील ते पहिले शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. ही बंदी नोकरीपुरती नाही, घर भाड्याने देण्या-घेण्यालाही आहे. समुद्र ओलांडला तरी आडनाव विचारणारा घरमालक भेटतो, म्हणून तर हा कायदा लागला.

बंधुभगिनींनो, सिएटलची गोष्ट दूरची वाटेल. पण आपल्या शहराचा विकास आराखडाही असाच फुटांच्या आणि रंगांच्या भाषेत लिहिलेला असतो. कुठे बाग, कुठे रस्ता, कुठे झोपडपट्टी हटवायची, हे त्यावर ठरते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवतात. त्या मुदतीत बंगल्यांच्या सोसायट्या अर्ज देतात आणि आपली वस्ती बुलडोझर आल्यावर जागी होते. विहारात रविवारी वंदना झाल्यावर शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या भागाचा नकाशा पसरून वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा. आपली गल्ली कोणत्या रंगात आहे ते पाहावे. आणि रंग चुकीचा असेल, तर मुदत संपण्याआधी अर्जावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात.