खुर्ची नसलेल्या घरातली रिकव्हरी

स्तनाच्या कॅन्सरबद्दल आपण बोलतो ते गाठ, केमो आणि केस गळण्यापर्यंत. काढलेला स्तन पुन्हा घडवता येतो आणि त्यासाठी कधीकधी मांडीचा भाग वापरतात, हे मला मावशीमुळे कळलं. मावशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातली. वय 44. धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. स्तन काढून, केमो-रेडिएशन संपून दोन वर्षं झाली होती. "आता याची काय गरज?" असं घरातल्या प्रत्येकानं विचारून झालं. तिचं उत्तर ठरलेलं होतं : "तुमाले नसन गरज. मले हाये."

रेडिएशन झालेल्या छातीत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं तर त्रासाची शक्यता वाढते. म्हणून शरीरातलाच भाग वापरणं बरं पडतं. पहिली पसंती पोटाला असते. पण रोवणी आणि जंगलातली पायपीट करत जगलेल्या मावशीच्या पोटावर चरबी होतीच कुठे? अशा वेळी मांडीच्या आतल्या-मागच्या बाजूची, कुल्ल्याखालची कातडी आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट काढून छातीवर बसवतात. याला पॅप फ्लॅप म्हणतात. रॉबर्ट ॲलन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ही पद्धत स्तनासाठी मांडली. मांडीचा स्नायू शाबूत राहतो, हा तिचा मोठा फायदा.

मी पुण्यात नोकरी करतो, म्हणून ऑपरेशनही पुण्यात झालं. अशा कामाशी पुण्याचं नातं जुनं आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिरानं कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं होतं. 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकिकत छापून आली. त्यात नव्या जागी जम बसेपर्यंत कातडीचा एक पदर कपाळालाच जोडलेला ठेवत. मावशीच्या बाबतीत तुकडा पूर्ण सुटा केला आणि जेमतेम 2-3 मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली छातीतल्या वाहिन्यांना शिवल्या.

आमच्या घरी आजारपण म्हणजे पडून राहणं आणि पातळ वरण. इथे उलटंच चालू होतं. 1990 च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी एक साधा प्रश्न लावून धरला : ऑपरेशन नीट होऊनही पेशंट दवाखान्यात अडकतो कशामुळे? दुखणं, मळमळ, उपाशीपोट, नळ्या, पडून राहणं. मग प्रत्येकावर थोडं थोडं काम करायचं. यातून जी पद्धत उभी राहिली तिला 'एन्हान्स्ड रिकव्हरी', थोडक्यात इरास म्हणतात. स्तन पुन्हा घडवण्याच्या ऑपरेशनसाठी तिच्या मार्गदर्शक सूचना 2017 मध्ये आल्या. ऑपरेशनच्या 2 तास आधीपर्यंत पाणी चालतं. अफूवर्गीय औषधं कमीत कमी, त्याऐवजी वेगवेगळी वेदनाशामकं मिळून. खाणं लवकर सुरू. पहिले 72 तास फ्लॅपवर वारंवार नजर, कारण रक्त अडलं तर ते लगेच कळायला हवं. आणि 24 तासांच्या आत पेशंटला उठवायचं, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत : सर्व्हर तोच, दहा ठिकाणी थोडा थोडा वेळ वाचवला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर उठवायला आल्या तेव्हा मावशी म्हणाली, "काल कापलं अन् आज चालाले लावता का जी?" आणि हात धरून दारापर्यंत गेली.

खरी अडचण डिस्चार्जच्या कागदावर होती. मांड्या फाकवू नका, उकिडवं बसू नका, एका जागी फार वेळ बसू नका, घट्ट शॉर्ट्स घाला. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. मांडीची जखम नेमकी बसण्याच्या जागी, घामाच्या घडीत असते. ताण आला तर ती उघडू शकते किंवा आत पाणी साठतं. पण मावशीच्या घरी संडास उकिडवं बसायचा, चूल जमिनीवर, जेवण मांडी घालून, भांडी-कपडे तसेच. घरी मदत आणि फिजिओथेरपी हवी, हे इरासच्या सूचनांमध्ये आहे. ते घर कसलं असेल, हे त्या सूचनांना माहीत नसतं.

आम्ही घरातले पुरुष मांडी हा शब्दही टाळत होतो. शेवटी तिनंच विचारलं, "डॉक्टरसाहेब, संडासले कशी बसू?" डॉक्टर क्षणभर थांबले, मग पेन काढून त्या कागदावर तिच्या घरापुरत्या सूचना लिहायला बसले. कमोडची खुर्ची घ्या. गॅस ओट्यावर, उभ्यानं स्वयंपाक. पाण्याची बादली दुसऱ्यानं उचलायची.

तारीखही तिचीच. धान कापून, मळून झाल्यावर डिसेंबर. म्हणजे जुलैच्या रोवणीपर्यंत हातात सहा महिने. मार्चची मोहफुलं बुडाली, मेचा तेंदूपत्ताही. दोन्हीचे पैसे गेले, आणि घरची भांडी-पाणी सगळं जाऊबाईवर आलं. दवाखान्याच्या बिलात हे कुठेच नव्हतं. रोवणीला मात्र ती उतरली, अर्धा दिवस. मांडीची खूण अजून ओढल्यासारखी होते म्हणते. पण ब्लाऊज दोन्हीकडून सारखा बसतो, शिलाईवालीला काही समजावून सांगावं लागत नाही, हे ती न विचारता सांगते.

पुण्यात माझा फ्लॅट होता, म्हणून तिचे पहिले तीन आठवडे निभावले. सिरोंचा किंवा भामरागडहून येणाऱ्या बाईला तो नसेल. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, तेव्हा पावसाळ्यात जखम उघडली तर ती कुठे जाणार? म्हणून ऑपरेशनची तारीख देण्याआधी प्रत्येकीला चार प्रश्न विचारायला हवेत : संडास कसला आहे, पाणी कुठून आणता, चूल कुठे आहे, आणि तुमचं काम तितके दिवस कोण करणार? विचारायला पाच मिनिटंही लागत नाहीत.