माते!

अर्जेंटिना म्हटलं की आपल्या होस्टेलवर दोनच नावं निघतात, मॅराडोना आणि मेस्सी. 2022 च्या वर्ल्ड कप फायनलला कॉमन रूममध्ये जो दंगा झाला, त्यानंतर तर या देशाविषयी आणखी काही जाणून घ्यायची गरजच उरली नव्हती! मलाही एवढंच ठाऊक होतं. पण एका एक्स्चेंज प्रोग्रॅममधून सहा महिने ब्युनोस आयर्सला राहण्याचा योग आला आणि फुटबॉलपलीकडचा अर्जेंटिना बघायला मिळाला. त्यातलं थोडंसं तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात 'माते'पासूनच करायला हवी. आपल्याकडे 'माते' म्हटलं की हात जोडले जातात, तिकडे हात पुढे केला जातो. कारण माते हे तिथलं पेय आहे, आपल्या चहासारखं पण चवीला कडू. ते प्यायचं भांडं वाळवलेल्या भोपळ्याचं. आपल्या मिरजेत ज्या जातीच्या भोपळ्याचा तंबोरा होतो, त्याच जातीचा हा छोटा भाऊ. त्यात 'शेरबा' नावाची वाळलेली पानं भरायची, वरून गरम (उकळतं नव्हे, साधारण 70-80 अंशांचं) पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीने ओढायचं. नळीच्या टोकाला चक्क फिल्टर असतो, म्हणजे मेकॅनिकलवाल्यांनाही बघायला काहीतरी आहे. या नळीचं नाव 'बोंबिशा'. स्पॅनिशच्या क्लासमध्ये शिकलेल्या 'य'चा तिथे सरळ 'श' होतो, त्यामुळे पहिला महिना मला कोणाचंच काही कळत नव्हतं.

गंमत पुढेच आहे. भांडं एक, नळी एक आणि पिणारे सहा-सात! एक जण पाणी भरून देणार, ज्याच्या हातात भांडं येईल त्याने ते संपवून परत करायचं, मग पुढच्याचा नंबर. उष्टं-खरकटं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माझी पहिल्या दिवशी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. पण तिथे नळी पुसून घेणं हाच अपमान. आणि 'ग्रासियास' म्हणजे थँक्यू हा शब्द मध्येच उच्चारायचा नाही. तो म्हटला की 'आता मला पुरे' असा अर्थ होतो. 2020 मध्ये करोनामुळे एकमेकांचा माते पिऊ नका असं सरकारला सांगावं लागलं. आपल्याकडे टपरी बंद झाली तेव्हा आपलं जे झालं, तेच त्यांचं झालं असणार.

थोडक्यात, गोल करून निवांत बसणं हा या लोकांचा धर्म आहे. रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला (आपली मेस तोपर्यंत धुऊन पुसून बंद!), जेवणानंतर ताटावरच तासभर गप्पा. या गप्पांना त्यांच्या भाषेत 'सोब्रेमेसा' असा खास शब्दच आहे. बागेत, बसस्टॉपवर, कॉलेजच्या पायऱ्यांवर, काखेत थर्मॉस घेतलेली मंडळी दिसतातच.

मला वाटायचं, ही नुसती आळशी मजा. माझ्या घरमालकीण आजींनी एका संध्याकाळी माते भरता भरता सांगितलं, "आमच्या कॉलेजच्या दिवसांत असं गोल करून उभं राहायची सोय नव्हती."

24 मार्च 1976 ला तिथे लष्कराने सत्ता घेतली, ती 1983 पर्यंत टिकली. त्या काळात हजारो माणसं, त्यात कितीतरी विद्यार्थी, घरातून उचलली गेली आणि परत आलीच नाहीत. नंतरच्या चौकशी आयोगाने जवळपास 9,000 जणांची नोंद केली, मानवाधिकार संघटना 30,000 हा आकडा सांगतात. आजी म्हणाल्या, "एका आठवड्यात आमच्या वर्गातली दोन बाकं रिकामी झाली. हजेरी घेताना सर ती नावं गाळून पुढे जायचे. कोणी विचारलं नाही."

विचारलं ते आयांनी. 30 एप्रिल 1977 रोजी 14 बायका राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या. आमची मुलं कुठे आहेत, एवढाच प्रश्न. घोळक्याने उभं राहायला बंदी होती, म्हणून पोलिसांनी हुकूम दिला, थांबू नका, चालत राहा. मग त्या दोघी-दोघींनी चौकातल्या स्तंभाभोवती चालत राहिल्या! ओळख पटावी म्हणून डोक्याला पांढरं कापड, सुरुवातीला ते तान्ह्या बाळांच्या लंगोटांचं होतं. त्यांना एकत्र आणणाऱ्या आसुसेना व्हिशाफ्लोर यांनाच डिसेंबर 1977 मध्ये पळवून मारण्यात आलं. त्यांचे अवशेष 2005 साली ओळखता आले. तरी फेरी थांबली नाही. दर गुरुवारी दुपारी साडेतीनला ती अजून निघते. मी गेलो तेव्हा त्या मूळच्या आयांपैकी फारच थोड्या उरल्या होत्या, पण मागे चालणाऱ्यांत आमच्या वयाची मुलंच जास्त होती.

आपण इंजिनिअरिंगची मुलं, म्हणून आणखी एक जागा सांगतो. नौदलाची मेकॅनिक्स शाळा, 'एस्मा'. एकाच आवारात एकीकडे तांत्रिक शिक्षणाचे वर्ग चालू आणि ऑफिसर्स मेसच्या इमारतीत पकडून आणलेल्यांचा छळ. 1978 चा वर्ल्ड कप अर्जेंटिनाने जिंकला ते स्टेडियम तिथून जवळच आहे. गोल झाल्यावरचा जल्लोष कैद्यांना आत ऐकू येत होता. आता तिथे संग्रहालय आहे, 2023 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळ ठरवलं. आमच्या गटात एरवी अखंड बडबड चालायची, तिथल्या माळ्यावर कोणी चकार शब्द काढला नाही.

आणि विज्ञानाने काय करता येतं, तेही याच देशात पाहिलं. कैदेत जन्मलेली बाळं परस्पर दुसऱ्यांना दिली गेली होती. आईबाप हयात नसताना नातं सिद्ध कसं करायचं? त्यांच्या आज्यांनी शास्त्रज्ञांना गाठलं, आणि आजी-आजोबांच्या रक्तावरून नातवंड ओळखण्याची पद्धत तयार झाली. 2025 पर्यंत अशा 140 नातवंडांचा शोध लागला. शोध अजून चालू आहे.

तेव्हा मित्रांनो, कधी ब्युनोस आयर्सला गेलात तर टँगो बघा, स्टेडियम बघा, जुलैत जाणार असाल तर स्वेटर न्या (तिकडे तेव्हा हिवाळा असतो), पण एक गुरुवारची दुपार मोकळी ठेवा. चौकात कोणी थर्मॉसवाला शेजारी बसवून भोपळा पुढे करेल. नळी न पुसता घ्या. आणि पोट भरेपर्यंत थँक्यू म्हणू नका.