ऐनावरचा कोसा

रेशीम म्हटलं की आमच्या घरी पैठणीच निघायची. कोसा फक्त आजोबांच्या सोवळ्यापुरता: मधाच्या रंगाचा, जरा खरखरीत, ना झगमग ना सळसळ. त्याचं मोल मला कळलं ते गडचिरोलीत आरमोरीकडच्या जंगलात गेले तेव्हा.

तुतीच्या रेशमाचा किडा छपराखाली वाढतो. हजारो वर्षं माणसाने पाळल्यामुळे त्याच्या पतंगाला धड उडताही येत नाही. कोशाची, म्हणजे टसरची, अळी मात्र झाडावर, ऊनपावसात वाढते. बोटापेक्षा जाड, हिरव्यागार अळ्या ऐनाची पानं कुरतडत होत्या आणि खाली एक काका गलोल घेऊन राखणीला बसले होते. हे काम इकडे पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाकडे आहे. "पाखरं, मुंग्या, गांधीलमाशा, साऱ्यायलेच गोड लागते हे," ते म्हणाले. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट फांदी कापायची आणि दुसऱ्या झाडावर नेऊन टेकवायची. एवढं करून पाऊस लहरला तर पीक गेलंच.

कोष अंड्याएवढा, टणक, फांदीला देठाने लटकलेला. सोड्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय तो धागा सोडत नाही. हे सूत पुढे भंडाऱ्याकडे मोहाडी-आंधळगावच्या मागांवर जातं आणि करवतकाठी साडी होते. दोन्ही काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालतात. काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवत करवतीचे दाते उठवायचे. त्या मागासमोर उभं राहिल्यावर साडीच्या किमतीवर घासाघीस करायची माझी हिंमत झाली नाही.

हल्ली कोशाचे पडदे, उशांचे अभ्रे सर्रास दिसतात. अभ्रे ठीक; पण पडदा लावायचाच तर मागून सुती अस्तर हवं, कारण उन्हाने रेशीम विरतं. साडी सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि अधूनमधून घडी बदलावी, नाहीतर घडीवरच फाटते. डांबरगोळ्या थेट कापडावर तर नकोतच.

आणि घेताना पदराचा एक सुटा धागा मागून घ्या, जाळून पाहा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख चिमटीत चुरली तर रेशीम. वितळून टणक गोळी झाली तर दुकानातून सरळ बाहेर पडा.