हिमाचे घर

'हिम' अधिक 'आलय' हा संधी मी तीसएक वर्षे फळ्यावर सोडवून दाखवीत आलो. पण ज्या मुलांनी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या हातगाडीवरचाच, त्यांना हिमाचे घर म्हणजे काय ते कसे उमगावे? आणि खरे सांगायचे तर ते मी तरी कुठे पाहिले होते! म्हणून २०२० सालच्या जानेवारीअखेर आमच्या इंदूरच्या सरकारी शाळेतील बावीस मुलेमुली बरोबर घेऊन आम्ही तिघे शिक्षक निघालो.

कालक्याहून सिमल्यापर्यंतची, १९०३ साली सुरू झालेली ९६ किलोमीटरची ती चिमुकली आगगाडी मुलांना फार आवडली. सिमल्याहून पुढे साठ-पासष्ट किलोमीटरवर, सुमारे २,७०० मीटर उंचीवर नारकंडा हे गाव आहे. आम्ही पोहोचलो त्याच रात्री हिमवर्षाव झाला. सकाळी दार उघडले तो रस्ता, छपरे, देवदारांच्या फांद्या सारे शुभ्र! मुलांचा गलबला क्षणभर थांबला, आणि मग जो उसळला तो आवरता आवरेना. उसने स्वेटर, भाड्याचे गमबूट आणि दोन-दोन मोजे चढवून सगळी फौज बाहेर पडली.

तासभर मनसोक्त खेळू दिल्यावर मी खेळातच शाळा भरवली. अधूनमधून हिमकण पडतच होते. आमच्या छत्रीच्या काळ्या कापडावर ते झेलून मुले भिंगातून पाहू लागली. कुणाला चांदणी दिसली, कुणाला नेच्याचे पान. पण मोजल्यावर बाजू सहाच. केप्लरसारख्या ज्योतिर्विदाने १६११ साली याच कोड्यावर एक पुस्तिका लिहिली होती, हे सांगितल्यावर मुलांना आपण फार मोठ्या माणसाच्या पंक्तीला बसल्यासारखे वाटले.

दुपारी दुसरा खेळ मांडला. प्रत्येक गटाला पाण्याने भरलेली एकेक छोटी बाटली दिली आणि सांगितले, "हा तुमचा उंदीर. रात्री तो गोठता कामा नये. त्याला घर बांधा." कुणी दगडांच्या कपारीत गवत कोंबले, कुणी देवदाराच्या ढोलीत बाटली ठेवली. सातवीतल्या एका अबोल मुलीने मात्र गुडघाभर बर्फ उकरून आपली बाटली थेट जमिनीवर ठेवली आणि वर पुन्हा भुसभुशीत बर्फ लोटला. मी हसून म्हणालो, "अगं, बर्फातच पुरलास तर गोठेल नाही का बिचारा?" सगळी मुले हसली. ती काही बोलली नाही. पण तिने बाटली हलवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपारीतल्या आणि ढोलीतल्या बाटल्यांतले पाणी दगडासारखे झाले होते. तिच्या बाटलीतले पाणी मात्र खळखळ वाजले. बावीस मुलांसमोर मुख्याध्यापक चुकले होते! कारण शोधायला आम्ही पातेलेभर ताजा बर्फ न दाबता भरला आणि चुलीवर वितळवला. तळाशी जेमतेम दोन बोटे पाणी उरले. बाकीची जागा हवेची होती. गोधडीच्या थरांतली हवा अंगातली ऊब धरून ठेवते, तशीच हिमातली हवा जमिनीची ऊब बाहेर जाऊ देत नाही. मी सगळ्यांदेखत तिला म्हणालो, "बाई, तुझे बरोबर, माझे चूक." तेव्हा ती प्रथमच बोलली, "सर, आमची आजी गोधडीत पातेले गुंडाळून भात ऊन ठेवते." तिने पुस्तकातून नव्हे, घरातून उत्तर आणले होते.

जवळच्या सफरचंदाच्या बागेचा मालक हे कौतुकाने ऐकत होता. तो म्हणाला, "या बर्फाला आम्ही सफेद खाद म्हणतो." सफरचंदाच्या झाडाला फळ धरण्यापूर्वी शेकडो तासांची थंडी लागते, आणि हळूहळू वितळणारे हिम मुळांना ओल पुरवीत राहते. आताशा बर्फ पूर्वीसारखा भरवशाने पडत नाही, हे सांगताना त्याचा स्वर उतरला. मुलेही गप्प झाली.

परतीच्या वाटेवर सिमल्याच्या 'रिज'वर थांबलो. या धारेच्या एका बाजूचे पाणी सतलजमार्गे अरबी समुद्राकडे जाते, दुसऱ्या बाजूचे यमुनेमार्गे बंगालच्या उपसागराकडे. आमच्या महूजवळही असेच आहे. जानापावच्या डोंगरातून निघालेली चंबळ उत्तरेस यमुनेला मिळते, तर विंध्याच्या दक्षिण उतारावरची चोरल नर्मदेला. मुलांनी मुठी भरून बर्फ घेतला आणि यमुनेच्या बाजूला टाकला. का, म्हणून विचारले, तर त्या अबोल मुलीने उत्तर दिले, "आपल्या चंबळेला भेटेल ना, सर!"

तो संधी मी आजही फळ्यावर सोडवतो. पण 'आलय' हा शब्द लिहिताना हात जरा थांबतो, आणि बर्फाखाली खळखळणारी ती बाटली आठवते.