खलनायक, आणि तोही पतंगवाला!

बॅटमॅनच्या शत्रूंमध्ये एक पतंगवाला आहे! खरंच! पाठीला भलामोठा पतंग बांधून आकाशातून दरोडे घालायला येतो. नाव काइट मॅन! आणि हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही!

कॉमिक्समधलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगतो. जोकर माहीत होता, पेंग्विन माहीत होता, बस. पण मी येवल्याचा. संक्रांतीला तीन दिवस गच्चीवर, हातात आसारी, म्हणजे मांजाची फिरकी! त्यामुळे इथे अमेरिकेत, प्लेनोच्या लायब्ररीत मुलीसाठी पुस्तकं शोधताना बॅटमॅनचा एक जाड खंड सहज उघडला आणि मग पानावर हा माणूस दिसला आणि मग मी तिथेच उभ्या उभ्या वाचत सुटलो आणि मग मुलगी येऊन बाही ओढायला लागली तरी हलेना!

ऐका तर! हा बुवा पहिल्यांदा आला ऑगस्ट 1960 मध्ये, बॅटमॅनच्या 133व्या अंकात. लेखक बिल फिंगर, म्हणजे बॅटमॅनला घडवणाऱ्या दोघांपैकीच एक! चित्रं डिक स्प्रँगची. हँग ग्लायडिंगचं वेड अमेरिकेत पसरलं ते पुढे सत्तरच्या दशकात. हा त्याच्याही आधी उडत होता! आणि मग? गायब! थेट 1979 मध्ये 315व्या अंकात परतला. तब्बल 19 वर्षांनी! आणि खरं नाव काय ठेवलंय बघा, चार्ल्स ब्राउन! ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतला तो चार्ली ब्राउन, ज्याचे पतंग झाड गिळतं, त्याचंच नाव! काय सुंदर गंमत आहे!

पण थांबा, खरी गोष्ट पुढेच आहे. 2017 मध्ये टॉम किंग या लेखकाने ‘द वॉर ऑफ जोक्स अँड रिडल्स’ लिहिलं. जोकर आणि रिडलर या दोन खलनायकांत युद्ध पेटलंय आणि हा चार्ल्स एक किरकोळ गुन्हेगार, दोघांच्या मध्ये सापडलेला. त्याला एक लहान मुलगा आहे, पतंग उडवणारा. आणि मग रिडलर त्या पोराच्या पतंगाच्या दोरीला विष लावतो! दोरीला! पोर जातं. आणि मग हा बाप पतंगच अंगावर चढवतो आणि काइट मॅन होतो!

दर संक्रांतीला नायलॉन मांजाने गळे चिरल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला ही दोरी वेगळी समजावून सांगायला नको. मला तर ढील देताना बोटांतून सरसरणारा मांजाच आठवला आणि ते पान पुढे उलटवेना.

सगळे त्याला हसतात. बॅटमॅन त्याला सहज पाडतो. तरी तो पुन्हा उडतो! आता सांगा, याला किरकोळ म्हणायचं? जोकर कशासाठी लढतो ते जोकरलाच ठाऊक, पण हा कशासाठी उडतो ते कुठल्याही बापाला कळेल!

2024 मध्ये त्याच्या नावाची मालिकासुद्धा आली, ‘काइट मॅन: हेल या!’ ती नंतर बघा. आधी टॉम किंगच्या त्या युद्धकथेतला, नव्या क्रमांकांच्या बॅटमॅनचा 27वा अंक वाचा, मग 30वा. याच ओळीने! आणि यंदा मुलांच्या हाती आसारी देण्याआधी तिच्यावरचा मांजा साध्या सुताचा आहे ना, तेवढं स्वतः बघा.