बॉल टाकणारे

आमच्या परतूरला खेळाचा एक कायदा होता. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. बॉल टाकायला मात्र कुणीही चालायचं. ज्यानं वर्गणी दिलेली नाही, जो वयानं लहान आहे, ज्याची घरात वट नाही, त्याच्या हातात बॉल. मी या तिन्ही प्रकारांत बसत असल्यानं बरीच वर्षं बॉलच टाकत राहिलो.

तो बॉल आधी रबरी होता. कापसाची रानं मोकळी झाली, पऱ्हाट्या उपटल्या की तिथंच खेळ मांडायचा. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा पडत. त्यावर टप्पा पडल्यावर बॉल कुठं वळेल हे टाकणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. आम्ही त्यालाच स्पिन म्हणायचो. मग कॉर्कचा बॉल आला. तो नडगीवर बसला की आठवडाभर लंगडत शाळेत जायचं. सीझन बॉल हातात आला तो कॉलेजसाठी औरंगाबादला गेल्यावर. त्याची शिवण बोटांना लागली, मॅटिंगवर तो टाकला, तेव्हा कळलं की वळवण्याची करामत हाताची असते, जमिनीची नव्हे.

गावातला खरा बॉलर मात्र दुसराच होता. मोंढ्यात दिवसभर पोती वाहायचा आणि संध्याकाळी येऊन चार पावलांत बॉल टाकायचा. त्याची बॅटिंग कधी आलीच नाही. दांडी उडाली की पोरं फलंदाजाला हसायची. उडवणाऱ्याची पाठ थोपटल्याचं मला आठवत नाही. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो, खरं नावही बहुतेकांना ठाऊक नसावं.

पुढं पालवणकर बाळूंबद्दल वाचलं आणि परतूरचा तो कायदा किती जुना आहे ते कळलं. धारवाडला जन्मलेला, चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टी राखायचा, चार रुपये पगारावर. साहेबांना सराव हवा म्हणून तासन्‌तास बॉल टाकायचा. बॅट कुणी हातात देत नसे. संघ धर्मावर बनत त्या काळात पुढं हिंदू संघात घेतल्यावरही सोबत्यांचा चहा कपबशीत आणि बाळूंचा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, कप्तान पतियाळाचे महाराज. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. एवढं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला. जातीचा अडसर दोघांनाही होता. पण विठ्ठल फलंदाज होते, हेही मी विसरू शकत नाही. बॅटिंग राजेमहाराजांची आणि बॉलिंग कष्टकऱ्यांची, अशी वाटणी आपण इंग्रजांकडून उचलली आणि आपल्या रीतीत चपखल बसवली.

मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचं नाव मात्र शाळेतच ओळखीचं झालं होतं. १९७३ साली चेपॉकवर मुंबई आणि तामिळनाडू यांच्यात रणजीची अंतिम लढत झाली. औरंगाबादचं दैनिक ‘मराठवाडा’ गावात आलं की मी आधी खेळाच्या बातम्या गाठायचो. शिवलकर : पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्या डावात १८ धावांत ५. तामिळनाडू ८० आणि ६१ मध्ये गारद. मी ते आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतले होते. १९६१-६२ ते १९८७-८८ असा हा माणूस खेळला. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, आणि कसोटी एकही नाही. कारण भारतीय संघातली डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींची. बेदी थोर होतेच, त्यात वाद नाही. पण इतक्या वर्षांत एका कसोटीचीही फट सापडू नये? हरियाणाचे राजिंदर गोयल याच रांगेतले. ७५० बळी, कसोटी शून्य. गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात आपल्या आवडत्या खेळाडूंमध्ये या दोघांवरही लिहिलं, हा त्यांचा मोठेपणा. क्रिकेट मंडळाला जाग यायला २०१७ उजाडलं. सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दोघांना एकाच वेळी मिळाला. शिवलकर तेव्हा ७६ वर्षांचे होते. मला आनंद झाला आणि रागही आला. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले.

मराठवाड्याच्या मातीतला कसोटी गोलंदाज पाहायला आम्हाला डिसेंबर २००१ पर्यंत थांबावं लागलं. औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी इंग्लंडविरुद्ध मोहालीत उतरला. भारताला जिंकायला पाचच धावा हव्या होत्या म्हणून त्याला चक्क सलामीला पाठवलं आणि विजयाच्या धावा त्यानंच काढल्या. पुढं तो कसोटी खेळला नाही. आजही त्याचं नाव निघालं की लोक त्याच सलामीची गोष्ट सांगतात. गोलंदाज लक्षात राहिला तोही बॅटमुळं!

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते नाशिकचे बापू नाडकर्णी. १२ जानेवारी १९६४, मद्रास. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. त्यातली २१ षटकं सलग निर्धाव. सरावात टप्प्यावर नाणं ठेवून ते त्यावर बॉल टाकत. अशा कामगिरीला कुठलं बक्षीस द्यायचं, हे तेव्हा कुणाला सुचलं असेल असं वाटत नाही.

हल्ली आमच्याकडं टेनिस बॉलच्या स्पर्धा दणक्यात होतात. मंडप, डीजे, पुढाऱ्यांच्या फोटोंचे बॅनर, मोबाइलवर थेट प्रक्षेपण. मधूनच माइकवरून पुकारा होतो : पुढच्या सिक्सरला अमक्या शेठकडून पाचशे रुपये. लगेच शिट्ट्या. आयोजकांना माझी हात जोडून एकच विनंती आहे. दांडी उडाली तरी पाचशे पुकारा. आणि एखाद्यानं सहा बॉल टाकून एकही धाव दिली नाही, तर हजार द्या. शेठ मिळाले नाहीत तर माझ्याकडून घ्या.